पांदणीची गाडी आणि रिंग रोड

नागपूरच्या गणेशपेठेतलं माझं गॅरेज आता पोरगा पाहतो. मी सकाळी दोन तास जाऊन बसतो, चहा पितो, त्याच्या कामात नाक खुपसतो आणि त्यानं डोळे वटारले की घरी येऊन तुमची पत्रं उघडतो. या वेळी निम्म्या पत्रांत एकच सवाल आहे: चिखलात चालेल आणि ऑफिसलाही नेता येईल अशी गाडी कोणती? त्यातलं सगळ्यात नीट लिहिलेलं पत्र आधी घेतो.

प्रश्न : मी मानेवाड्याला राहते आणि हिंगणा एमआयडीसीत नोकरी करते. रोजचं जाणं-येणं तीस-बत्तीस किलोमीटर. काटोलच्या पुढे आमची साडेचार एकर संत्र्याची बाग आहे. सासरे गेल्यापासून शनिवार-रविवारी आम्हीच पाहतो. सडकेपासून बागेपर्यंत पाऊण किलोमीटर काळ्या मातीची पांदण आणि मध्ये एक नाला. जुलै ते सप्टेंबर आमची छोटी कार सडकेवर उभी राहते आणि आम्ही चिखल तुडवत जातो. सोबत सासूबाई असतात, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. मुलगी नऊ वर्षांची. मिस्टरांना थार हवी. मला जिम्नी बरी वाटते. दीर म्हणतात, साधी स्कॉर्पिओ-एन घ्या, फोर बाय फोर कोणाला लागतं? गाडी एकच घ्यायची आहे. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. जुलै ते सप्टेंबर तेरा आठवडे, म्हणजे सव्वीस शनिवार-रविवार. त्यात उघडीप पडलेले चार-सहा दिवस वजा करा. राहिले वीस-बावीस. एवढेच दिवस तुम्हाला चिखलाची गाडी लागते. बाकीचे तीनशे चाळीस दिवस तीच गाडी नरेंद्रनगर, छत्रपती चौक, हिंगणा टी-पॉइंट असं करत रांगणार आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घ्यायची की नाही हे त्या वीस दिवसांना विचारा. घ्यायची ठरली तर कोणती, हे मात्र उरलेल्या दिवसांना विचारा. मंडळी नेमकं उलटं करतात. पहाडावर चढणारी गाडी मोबाइलवर पाहतात, घेऊन येतात आणि मग बर्डीवर पार्किंग शोधत फिरतात.

आधी तुमच्या दिरांचं बघू. डोंगरातल्या मुरमाड वाटेवर, नदीच्या गोट्यांवर उंच आणि दणकट साधी गाडीही बरंच काम काढते. आपली काळी माती त्यातली नाही. ती पाणी पिऊन फुगते, वरून साबणासारखी गुळगुळीत होते आणि टायरच्या नक्षीत अशी घट्ट बसते की चार फेऱ्यांत नवा टायर टकला दिसायला लागतो. अशा वेळी फक्त मागची चाकं ओढत असतील तर ती जागच्या जागी खड्डा करतात आणि पुढची चाकं नांगरासारखी माती लोटत बसतात. चारही चाकांना ताकद मिळाली तर प्रत्येक चाकावर थोडं-थोडं काम येतं, म्हणून ती घसरायला वेळ लागतो. त्यात लो रेंज असली, आमचे जुने ड्रायव्हर जिला स्पेशल गिअर म्हणायचे ती, तर गाडी बैलाच्या चालीनं, अॅक्सिलरेटर न दाबता पुढे सरकते. चिखलात जोर लावणारा फसतो. पाऊण किलोमीटर काळी पांदण आणि नाला, यासाठी तुम्हाला फोर बाय फोर लागतंच. दीर स्वतः ऑगस्टमध्ये बागेत येतात का, हे एकदा विचारून बघा.

पण चार चाकं फिरली म्हणजे गाडी निघालीच असं समजू नका. नव्वदच्या दशकात माझ्याकडे एमएम ५४० जीप होती. भिवापूरच्या एका मिरचीवाल्याचं इंजिन बघायला गेलो, परतताना वावरातून वाट काढली. टायर जुने, त्यावर मी रिमोल्ड चढवलेले, नक्षी नावालाच. फोर बाय फोरचा दांडा टाकला आणि ऐटीत घुसलो. तीस पावलांवर गाडी पोटावर बसली. चारही चाकं गरगर फिरत होती आणि जीप एक इंच हलत नव्हती. म्हातारा शेतकरी बैलजोडी घेऊन आला, चाकाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "काहून बाप्पा, चारही टायर चिकने ठेवले, मंग चार फिरले काय अन् दोन फिरले काय?" बैलांनी ओढून काढलं. त्या दिवसापासून मी आधी टायर बघतो, मग गाडी.

आता तुमच्या मिस्टरांची थार. ही नवी पिढी २ ऑक्टोबर २०२० ला आली. गाडीत खोट काढायला जागा कमी आहे. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगते, इंजिन दमदार. अडचण दारांची आहे, कारण पुढे दोनच दारं, तिसरं डिक्कीचं. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, वाकून, पाय वर घेऊन आत शिरावं लागतं. दोन्ही गुडघे गेलेल्या बाईला आठवड्यातून दोनदा हे करायला लावाल? त्या एकदा करतील, दुसऱ्यांदा म्हणतील, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." मग बाग तुमची होईल, त्यांची राहणार नाही. तीन दारांची थार तुमच्या घराला नाही चालत, विषय संपला.

मिस्टर मग थार रॉक्स म्हणतील. पाच दारांची, १५ ऑगस्ट २०२४ ला आली, आत ऐसपैस, मागची सीट खरोखर माणसांची. पण त्यात फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळतं, पेट्रोलवाली मागच्या चाकांवरच चालते. लांबी ४४२८ आणि रुंदी १८७० मिलिमीटर. महालात, इतवारीत सासरच्या नातलगांकडे जाणं असेल तर आरसे मिटून घ्यायची सवय लावा. बजेट बसत असेल, समृद्धीवरून वरचेवर शिर्डी-मुंबई करत असाल, तर रॉक्स डिझेल फोर बाय फोर ही वाईट निवड नाही. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

एक गोष्ट पैशाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि "छोट्या गाड्या स्वस्त" अशा जाहिराती लागल्या. छोटी कोणती? लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. तिला १८ टक्के, बाकीच्यांना ४० टक्के. थार आणि जिम्नी दोघींची लांबी ३९८५ मिलिमीटर, पण जिम्नीचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तिला ४० टक्केच. थारमध्ये १५०० सीसीची डिझेल १८ टक्क्यांत बसते आणि शोरूममध्ये स्वस्तातली थार म्हणून तीच पुढे करतात. ती मागच्या चाकांवर चालते. पांदणीत तिचा तुम्हाला उपयोग नाही. बुकिंगच्या कागदावर "फोर बाय फोर" ही अक्षरं वाचल्याशिवाय सही करू नका. हसू नका, मागच्या वर्षी एक ओळखीचे गृहस्थ मागच्या चाकांची गाडी घरी आणून दुसरा दांडा शोधत होते.

डिझेलबद्दल लोक घाबरवतात तेही सांगतो. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारं फिल्टर असतं, डीपीएफ. गाडी सतत ट्रॅफिकमध्ये सावकाश चालली की ते तापत नाही, काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं वीसेक मिनिटं गाडी पळवावी लागते. फक्त धरमपेठ ते सदर करणाऱ्यानं डिझेल घेऊच नये. तुमचं मात्र दर आठवड्याला काटोल होतं, साठ किलोमीटर एका दमात. त्यामुळे डिझेल घेतलं तरी तुमचं फिल्टर साफ राहील. रोड टॅक्स डिझेलला जास्त पडतो, तेवढं धरा.

आता तुमची जिम्नी. इथे २०२३ च्या जूनमध्ये आली आणि आपल्या लोकांनी तिला नाक मुरडलं. चार माणसांची गाडी, इंजिन १०५ हॉर्सपॉवरचं, आणि किंमत ऐकून "एवढ्यात मोठी गाडी येते ना" हे वाक्य ठरलेलं. हीच इथे बनलेली पाच दारांची गाडी २०२५ च्या सुरुवातीला जपानात नेली तर चार दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास ऑर्डरी आल्या आणि कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. तिथल्या गल्ल्या इतवारीपेक्षा रुंद नसाव्यात.

मी तिला तुमच्यासाठी का पसंत करतो? पहिलं वजन. ती साधारण बाराशे किलोची. थार तिच्याहून चार-पाचशे किलो जड, रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन त्याहून जड. काळ्या मातीवर हलकी गाडी कमी रुतते आणि रुतलीच तर चार माणसं अन् एक ट्रॅक्टर तिला काढतात. जड गाडीला तो ट्रॅक्टरच आधी रुततो. दुसरं रुंदी. १६४५ मिलिमीटर, थारपेक्षा जवळपास वीतभर अरुंद. तुमच्या पांदणीच्या दोन्ही बाजूंना बोरीच्या किंवा बाभळीच्या फांद्या असतीलच, तिथे ही वीत फार मोलाची. तिसरं, सासूबाईंना मागचं दार आहे. आणि चौथं, ढाच्यावर बांधलेली बॉडी, लो रेंज, आणि एखादं चाक हवेत गरगरायला लागलं तर त्याला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे पाठवणारी यंत्रणा, हे सगळं तिच्यात कंपनीकडूनच येतं.

तिच्यातल्या उणिवाही ऐका. मागच्या सीट उभ्या असताना डिक्कीत फक्त २०८ लिटर जागा. संत्र्याची कॅरेटं आणि सासूबाई एकाच खेपेत येणार नाहीत, कॅरेटं टेम्पोनं पाठवा. डिक्कीचं दार आडवं उघडतं आणि त्यावर स्टेपनी, म्हणून पार्किंगमध्ये मागे जागा सोडावी लागते. समृद्धीवर वेगमर्यादा १२० ची आहे, पण तेवढ्या वेगात ही गाडी गोंगाट करते आणि आडवा वारा लागला की स्टिअरिंगवर दोन्ही हात हवेत. नव्वद-शंभरनं जा. ऑटोमॅटिक जुन्या पद्धतीचं, चारच गिअरचं. मी असतो तर मॅन्युअल घेतली असती. पण छत्रपती चौकात रोज क्लच दाबणारा पाय तुमचा आहे, माझा नाही, आणि चिखलात सावकाश सरकायला ऑटोमॅटिक उलट सोपं जातं. दोन्ही चालवून बघा. टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना न्या. त्यांना दोनदा चढवा-उतरवा. पाय ठेवायला बाजूला पायरी लागेल, ती कंपनीच्याच अॅक्सेसरीजमधून घ्या.

तेव्हा जिम्नी. मिस्टरांना सांगा, म्हाताऱ्यानं सांगितलंय. अजून दोन माणसं रोज बसणार असतील तर दिरांची स्कॉर्पिओ-एन बघा, पण तिच्यातली फोर बाय फोरवाली डिझेल, साधी नाही.

गाडी आल्यावर पहिला पावसाळा कसा काढायचा तेही लिहितो, कारण अर्धी फसगत इथे होते.

पांदण सुरू व्हायच्या आधी, डांबरावरच थांबून दांडा फोर-एचमध्ये (चारही चाकं, नेहमीचे गिअर) टाका. चालत्या गाडीतही शंभरच्या आतल्या वेगात टाकता येतो, पण तुम्ही थांबूनच टाका, सवय चांगली. लोक आधी रुततात आणि मग दांडा शोधतात. नाल्याच्या अलीकडे पूर्ण थांबून फोर-एल, म्हणजे ती लो रेंज. परतताना सडकेला लागलात की आठवणीनं टू-एच, म्हणजे परत दोनच चाकं. डांबरावर फोर बाय फोर ठेवून वळवलं तर गाडी आखडल्यासारखी वाटते, कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि मध्ये ती तफावत पचवायला काही नसतं. हा ताण सगळा चाकांना ताकद पोचवणाऱ्या शाफ्ट आणि क्रॉसवर येतो. दुरुस्तीचं बिल बघून लोक गाडीला शिव्या देतात.

कंपनीचे टायर रोडसाठीचे असतात. ते झिजेपर्यंत वापरा, घाई नाही, पण बदलताना त्याच मापाचे ऑल-टेरेन घ्या, रस्ता आणि माती दोन्हीला चालणारे. मड-टेरेन घेऊ नका. चिखलात ते भारी, पण रिंग रोडवर भुंगा घरात शिरल्यासारखा आवाज करतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो. फारच चिखल असेल तर हवा वीस पौंडांपर्यंत उतरवा, टायर पसरून जास्त जमीन धरतो. मात्र गाडीत बारा व्होल्टचा छोटा पंप ठेवा आणि काटोल रोडला लागायच्या आधी हवा परत पूर्ण भरा. कमी हवेचा टायर उन्हात वेगानं पळवला तर तापून फुटतो. मे महिन्यात समृद्धीच्या सिमेंटवर तर बोलायलाच नको. पंपासोबत एक फावडं आणि ओढायचा पट्टा. एवढं पुरतं.

नाल्याचं शेवटचं. आधी मिस्टरांना काठी घेऊन उतरवा, त्यांना थार हवी होती ना. पाणी गुडघ्याला लागलं तर त्या दिवशी गाडी अलीकडेच. वाहतं पाणी असेल तर गुडघ्याच्या खालीही नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्यानंतर पंधरा दिवस आमच्या गॅरेजात बुडालेल्या गाड्यांची रांग होती. पाण्यात नुसत्या उभ्या राहिलेल्या गाड्या वायरिंग-सीट करून निघाल्या. ज्यांच्या मालकांनी "चालू होते का बघू" म्हणून स्टार्टर मारला त्यांच्या इंजिनात पाणी दबून कनेक्टिंग रॉड वाकले होते. पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा. विमा घेताना इंजिन प्रोटेक्टचं कलम जोडून घ्या. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखालून रोज जाणाऱ्या माणसानं तर ते घ्यावंच.

प्रश्न : काका, माझी थार मागच्या चाकांची आहे. तिला चार इंच उचलून, मोठे मड टायर, पुढे लोखंडी बंपर आणि वर लाइट बार लावायचा आहे. एकूण किती खर्च येईल? (कामठी रोड)

उत्तर : खर्चाचं जाऊ दे. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ च्या डिसेंबरातच बंदीचं पत्र काढलंय. चालत्या माणसाला ते गार्ड जास्त मारतं, आणि गाडीचा मार स्वतः खाऊन टाकायची बंपरची रचनाही त्यानं बिघडते. मूळ नोंदणीपेक्षा गाडीचा ढाचा बदलता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस पहिला फोटो त्या उचललेल्या स्प्रिंगचाच काढेल. आणि एवढं सगळं करून ताकद मागच्या दोन चाकांनाच जाणार. दिसेल रणगाडा, फसेल रिक्षासारखी. त्याच पैशात चांगले ऑल-टेरेन टायर कंपनीच्या मापाचे टाक आणि उरलेल्या पैशात पेट्रोल टाकून रामटेक, पारशिवनीकडे फिर. बरं दिसतं म्हणून करायचं असेल तर मला विचारू नको, मी नाही म्हणणारच.

प्रश्न : निवृत्त झालो. लष्कराच्या लिलावातली जिप्सी एक व्यापारी दाखवतोय, गाडी २००६ ची. तरुणपणापासूनची हौस आहे. रोज भाजी आणायला आणि अधूनमधून पेंचकडे जायला चालेल का? (वाचक, प्रतापनगर)

उत्तर : साहेब, हौसेला मी कधीच नाही म्हणत नाही, पण "रोज" या शब्दाला म्हणतो. जिप्सी १९८५ ची रचना. तेराशे सीसीचं पेट्रोल इंजिन मस्त, हलकी, चिखलात आजही कोणाला ऐकत नाही. पण चारही बाजूंना पाटे आहेत, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. प्रत्येक स्पीड ब्रेकर तुमच्या मणक्याला स्वतंत्रपणे कळवला जाईल. लष्करी गाडीत एसीची आशा ठेवू नका, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत ताडपत्रीखाली बसून भाजी आणण्यापेक्षा ठेल्यावाल्याला फोन करा.

घ्यायचीच असेल तर गाडीच्या आधी कागद बघा. लिलावाची मूळ पावती, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी अक्षर न् अक्षर जुळतो का ते. व्यापारी "नंतर करून देतो" म्हणाला तर चहा पिऊन उठा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी होते, तेव्हा आधी आरटीओत जाऊन हीच गाडी तुमच्या नावावर लागेल का ते स्वतः विचारा. मग मिस्त्री घेऊन खाली शिरा. चेसिस मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ (पाटा जिला लटकतो त्या कडीजवळ) गंजतं, तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खेळ असेल तर किंगपिनच्या बेअरिंगी गेल्या. फोर बाय फोर टाकून मोकळ्या मातीत आठचा आकडा काढा आणि कान द्या.

सगळं ठीक निघालं तर घ्या आणि एका रविवारी गणेशपेठेत आणा. पोराला नको, मला दाखवा. त्याला पाट्याच्या गाड्या आवडत नाहीत.